नदीकाठचं प्लास्टिक मोजायचं कसं? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नवख्यांसाठी

नदी साफ करायला निघणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. पावसाळ्याच्या तोंडावर एखाद्या रविवारी हातमोजे चढवून मंडळी मलप्रभेच्या नाहीतर मार्कंडेयच्या काठावर उतरतात, पोती भरतात, फोटो काढतात आणि घरी जातात. पोत्यात काय होतं, किती होतं, काठाच्या कुठल्या टप्प्यातून निघालं, हे मात्र कुणी लिहून ठेवत नाही. मग पुढच्या वर्षी कचरा वाढला की घटला, हेही सांगता येत नाही. हा लेख त्या लिहून ठेवण्याबद्दल आहे. प्रोजेक्टला विषय शोधणारे बीएस्सीचे विद्यार्थी, हायस्कूलचे विज्ञानशिक्षक आणि गावातली हौशी मंडळं यांच्यासाठी तो लिहिलाय. खर्च फारसा नाही. चिकाटी मात्र लागते.

सूक्ष्म प्लास्टिक, म्हणजे पाच मिलिमीटरहून लहान तुकडे, हे नाव वर्तमानपत्रांतून कानावर पडल्यापासून जो तो थेट मायक्रोस्कोपकडे धावतो. माझं मत उलटं आहे. पहिला हंगाम डोळ्यांना दिसणारं प्लास्टिक नीट मोजण्यात घालवा. त्याची तीन कारणं आहेत. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. कचरा कुठून आला याचा माग त्यातूनच निघतो. आणि नोंद करायची शिस्त अंगी बाणली नसेल तर मायक्रोस्कोपखाली मोजलेले कण आणि हवेत मोजलेले कण यांत काडीचा फरक उरत नाही.

आधी मुलूख समजून घ्या

या कामाला आपला भाग फार सोयीचा आहे, कारण आपण नद्यांच्या उगमाशी राहतो. मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेला वाहत जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते. म्हादई त्याच तालुक्यातून निघून गोव्याकडे उतरते, तिकडे तिला मांडवी म्हणतात. म्हणजे एकाच तालुक्यात टाकलेली पिशवी ओढा बदलला तर एकीकडे पणजीच्या दिशेने निघते आणि दुसरीकडे कृष्णेतून बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागते. सगळ्याच पिशव्या तिथवर पोचत नाहीत. बहुतेक वाटेतल्या झुडपांत, बंधाऱ्यात, धरणाच्या गाळात अडकून राहतात, आणि मोजायचं ते हेच अडकलेलं.

उगमाशी राहण्याचा मोठा फायदा असा की तुलनेसाठी वरच्या अंगाचं बऱ्यापैकी स्वच्छ पाणी हाताशी असतं. मलप्रभेवर कणकुंबी, हब्बनहट्टी, खानापूर शहराच्या वर, खानापूर शहराच्या खाली आणि महामार्गाजवळ एम. के. हुबळी, अशी पाच ठिकाणं धरली तर शहराने नदीत काय घातलं ते आकड्यात उतरतं. बेळगावकरांना मार्कंडेय जवळची. राकसकोप जलाशयाच्या वरचा काठ आणि कंग्राळी-काकतीकडचा काठ यांची जोडी चांगली जमते. निपाणीकडच्यांनी यमगर्णीची वेदगंगा घ्यावी.

नदीच हवी असंही नाही. बळ्ळारी नाल्याकडेचं शेत, कपिलेश्वर तलावाचा विसर्जनानंतरचा काठ, चोर्ला घाटातली रस्त्याकडेची उतरण, सौंदत्तीला यल्लम्मा डोंगराची वाट, यांतलं काहीही चालेल. मात्र एक धरा आणि त्याला चिकटून राहा.

प्रश्न एका वाक्यात लिहा

"मलप्रभेतील प्लास्टिक प्रदूषणाचा अभ्यास" हे शीर्षक आहे, प्रश्न नव्हे. "खानापूर शहराच्या खाली शंभर मीटर काठावर प्लास्टिकच्या किती वस्तू पडतात, आणि शहराच्या वर किती?" हा प्रश्न झाला. "यात्रेच्या आधी आणि नंतर ओढ्याच्या काठावर गुटख्याच्या पुड्या किती वाढतात?" हाही झाला. प्रश्नात जागा, वेळ आणि एकक ही तिन्ही आली पाहिजेत. ती येत नसतील तर घराबाहेर पडू नका, दिवस वाया जाईल.

वेळेचं आपल्याकडे विशेष महत्त्व आहे. मे महिन्यात नदी आटलेली असते, काठावर साठलेलं सगळं उघडं दिसतं. जूनचा पहिला मोठा पाऊस वर्षभर ओढ्या-गटारांत बसलेलं एका झपाट्यात नदीत ढकलतो. ऑक्टोबरनंतर पाणी ओसरलं की पुराची रेघ झाडाझुडपांवर लटकलेली दिसते. वर्षातून तीनदाच मोजता येणार असेल तर हे तीन मोसम धरा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये महापूर आला तेव्हा पिशव्या कुठवर चढल्या होत्या, हे काठावरच्या शेतकऱ्यांना नक्की आठवतं. विचारून ती उंची लिहून ठेवा.

परवानगी आणि माणसं

शेतातून काठावर जायचं असेल तर मालकाला विचारायचं, यात सांगण्यासारखं काही नाही. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत पाऊल टाकण्याआधी वन खात्याची लेखी परवानगी लागते. राकसकोप, हिडकल अशा जलाशयांवर पहारा असतो, तिथेही आधी अर्ज करायचा. बेळगावच्या किल्ल्याकडचा आणि कॅम्पातला भाग लष्करी, तिथे फोटोसाठी मोबाइल बाहेर काढण्याआधी चौकशी करा. ड्रोनचा विचार तर सोडूनच द्या.

ग्रामपंचायतीला एक पत्र द्या. पंचायतीचं कामकाज कन्नडमध्ये चालतं, तेव्हा पत्र कन्नडमध्ये लिहिलेलं बरं, आणि पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, भेटायला जाताना चांगलं कन्नड बोलणारा एक जण सोबत न्या. आपलं काम तक्रारीचं नाही, मोजणीचं आहे, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट झालं की पुढचे अडथळे निम्मे कमी होतात. काठावर धुणं धुणाऱ्या बायका, म्हशी धुणारी पोरं "काय शोधालाय ओ?" असं विचारणारच. उत्तर तयार ठेवा आणि उलट त्यांनाही विचारा. कचऱ्याचा टेम्पो रात्री कुठे रिकामा होतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

पुलावरून मोजणी

सर्वांत सोपं काम इथून सुरू होतं. पुलाच्या कठड्याशी उभं राहायचं, खालच्या पाण्याचा ठरावीक रुंदीचा पट्टा नजरेत धरायचा आणि दहा मिनिटांत त्यातून किती प्लास्टिकच्या वस्तू वाहून गेल्या ते मोजायचं. एक जण बघतो, दुसरा लिहितो. बघणाऱ्याने मान खाली घालून लिहायला घेतलं की दोन पिशव्या निसटल्याच. पुलाखाली नदी वीस मीटर रुंद असेल तर पाच-पाच मीटरचे चार पट्टे करून प्रत्येकाला दहा मिनिटं द्या. पाण्याचा जोर मधल्या धारेत जास्त असतो, आणि काठालगत वस्तू गरागरा फिरत तिथेच राहतात. तीच बाटली दोनदा मोजली जाऊ नये म्हणून परत फिरून आलेली वस्तू सोडून द्या.

महामार्गावरच्या पुलांवर हे काम करू नका. यमगर्णीला ट्रक ज्या वेगाने जातात ते बघता तिथे काठावरूनच बघितलेलं बरं.

मोजणीचा आकडा "ताशी किती वस्तू" असा लिहायचा. नद्या दरवर्षी समुद्रात किती प्लास्टिक नेतात याचा जागतिक अंदाज २०२१ च्या एका गाजलेल्या शोधनिबंधात ८ लाख ते २७ लाख टन असा दिला आहे. तिपटीहून अधिकची ही तफावत मुळात प्रत्यक्ष मोजण्या कमी असल्यामुळे राहते. छोट्या नद्यांवरच्या पुलांवर उभं राहून कुणी मोजत नाही, म्हणून गणिती अंदाजांवर भागवावं लागतं.

काठावरचे शंभर मीटर

लांब टेप घ्या, पाण्याला समांतर शंभर मीटर मोजा, दोन्ही टोकांना खुणेचं झाड किंवा दगड ठरवा आणि मोबाइलवरून अक्षांश-रेखांश पाच दशांशांपर्यंत उतरवून घ्या. पुढच्या खेपेला तोच टप्पा सापडला नाही तर तुलनेला अर्थ उरत नाही. रुंदी पाण्याच्या कडेपासून पुराच्या रेघेपर्यंत धरा. आत एका ओळीत चालत जायचं, अडीच सेंटिमीटरहून मोठी प्रत्येक वस्तू उचलायची. त्याहून लहान तुकडे या यादीत धरायचे नाहीत, त्यांची वेळ पुढे येते.

उचललेलं ताडपत्रीवर पसरून गट पाडा. परदेशी याद्यांमध्ये मासेमारीची जाळी आणि सिगारेटची थोटकं वर असतात. आपल्या काठासाठी यादी आपणच करावी लागते. माझ्या यादीत साधारण हे गट असतात: गुटखा-पानमसाल्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, हातपिशव्या, चिप्स-बिस्किटांची वेष्टणं, पाण्याच्या बाटल्या आणि त्यांची झाकणं, दारूचे डबे व बाटल्या, शाम्पूचे पाऊच, खताच्या विणलेल्या पोत्यांच्या पट्ट्या, ठिबकच्या नळ्या, रोपांचे ट्रे, पूजेचं साहित्य, कापड-चिंध्या, थर्माकोल, चपला, औषधांच्या पट्ट्या, आणि शेवटी "ओळखू न येणारे तुकडे". हा शेवटचा गट मोठा होत चालला तर मोजणाऱ्याला कंटाळा आलाय असं समजा.

यातल्या दोन वस्तूंकडे मुद्दाम लक्ष द्या. पहिली, दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, तो अडीच सेंटिमीटरच्या मापात बसत नसला तरी. घराघरांत सकाळी पिशवी कापताना तो नखाएवढा त्रिकोण सिंकमध्ये नाहीतर केरात जातो. पिशवी भंगारवाला घेतो, कोपरा कुणीच घेत नाही, आणि गटारातून तो थेट नदीत येतो. काठाच्या वाळूत निळ्या-पांढऱ्या छपाईचे असे कोपरे दिसले तर वरच्या अंगाला वस्तीचं सांडपाणी येतंय हे ओळखावं. दुसरी, खताच्या पोत्याची पट्टी. पॉलिप्रॉपिलीनची ही पोती उन्हाने ठिसूळ झाली की विणीतल्या पट्ट्या उसवतात. बोटात धरून चुरगाळली तर पट्टीचे लांबट काटकीसारखे तुकडे पडतात. पुढे मातीच्या नमुन्यात मायक्रोस्कोपखाली चपटे, सरळ कडांचे धागे दिसले की या पोत्यांची आठवण ठेवा.

मोजून झालं की वजन करा. पण चिखलासकट नव्हे. गाळ भरलेल्या पिशवीत प्लास्टिकपेक्षा मातीच जास्त असते. धुऊन, सावलीत वाळवून मगच तागडीत टाका. वेळ नसेल तर नुसती संख्या द्या आणि वजनाचा रकाना कोरा ठेवा.

वेष्टणं वाचा

सीमाभागात राहण्याचा एक फायदा असा की कचऱ्यावर राज्याचं नाव छापलेलं असतं. गोव्यातल्या दारूच्या लेबलावर ती केवळ गोव्यात विकण्यासाठी आहे असं लिहिलेलं असतं, कर्नाटकाच्या आणि महाराष्ट्राच्या लेबलांवरही तसाच आपापल्या राज्याचा उल्लेख असतो. चोर्ला-जांबोटी रस्त्याकडेच्या बाटल्या या हिशोबाने वेगळ्या केल्या की किती कचरा प्रवाशांचा आणि किती जवळपासच्यांचा, याचा अंदाज बांधता येतो. दुधाच्या पिशवीवरून मात्र असा तर्क लढवू नका. नंदिनी, गोकुळ, वारणा सगळंच इकडच्या दुकानांत मिळतं.

पॅकिंगची तारीख वाचता आली तर सोन्याहून पिवळं. वेष्टणावर दोन वर्षांपूर्वीची तारीख असेल तर ते पाकीट त्याहून जुनं नाही एवढं पक्कं कळतं. गाळाच्या खालच्या थरात असं पाकीट सापडलं तर तो थर त्या तारखेनंतरच बसला आहे.

हातपिशव्यांची जाडीही मोजा, कारण कायदा जाडीवर चालतो. कर्नाटकाने मार्च २०१६ मध्येच प्लास्टिकच्या हातपिशव्यांवर बंदी घातली, महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये अधिसूचना काढली, आणि केंद्राच्या नियमांनुसार ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनहून पातळ हातपिशवी देशात कुठेच चालत नाही. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे कप, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ, सजावटीचा थर्माकोल हेही बंद आहे. काठावर यांतलं काय सापडतं आणि किती, हा एक अख्खा प्रोजेक्ट होतो. जाडी मोजायला उद्यमबागेतल्या कुठल्याही मशीन शॉपमधला मायक्रोमीटर पुरे. त्याचं लघुतम माप बहुधा ०.०१ मिलिमीटर म्हणजे १० मायक्रॉन असतं, त्यामुळे एकेरी पापुद्रा मोजलात तर चूक मोठी येते. पिशवी धुऊन वाळवून आठ पदरी घडी घाला, घडीतली हवा दाबून काढा, वाचन घ्या आणि आठाने भागा. आठ पदरांना ०.४० मिलिमीटर आलं तर एक पदर ५० मायक्रॉनचा.

आता सूक्ष्म प्लास्टिक

पाच मिलिमीटरहून लहान तुकड्यांना सूक्ष्म प्लास्टिक म्हणायची रीत आहे. २००४ मध्ये रिचर्ड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांच्या शोधनिबंधाने हे नाव रूढ केलं. आपल्या पाण्यात ते दोन वाटांनी येतं. मोठ्या वस्तू झिजून, आणि मुळातच बारीक असलेले धागे कपड्यांतून सुटून. वडगाव, शहापूर, खासबागकडे मागावर आता कृत्रिम धागाही चालतो. तिथल्या गटाराचा नमुना घेणार असाल तर धाग्यांचा वेगळा रकाना हवाच.

महागडी उपकरणं नाहीत म्हणून अडून बसू नका. चाळण्यांपासून सुरुवात करू. बेळगावच्या फाउंड्र्यांमध्ये साच्याची रेती तपासायला ठरावीक मापाच्या चाळण्यांचा संच असतो, आणि इंजिनिअरिंग कॉलेजांच्या सिव्हिल विभागात मातीच्या चाचणीसाठी ४.७५ मिलिमीटरपासून ७५ मायक्रॉनपर्यंतच्या चाळण्या असतात. ४.७५ मिलिमीटर, १.१८ मिलिमीटर आणि ३०० मायक्रॉन अशा तीन मागून घ्या. पाच मिलिमीटरऐवजी ४.७५ वापरली असं अहवालात लिहिलं की झालं. नेण्याआधी चाळणी कशाने घासतात तेही विचारा. ब्रश नायलॉनचा असेल तर त्याचे केस जाळीत अडकलेले असतात आणि तेच तुम्हाला नदीतलं प्लास्टिक म्हणून सापडतील.

पाणी घ्यायला स्टीलची बादली किंवा दुधाची किटली, साठवायला लोणच्याची काचेची बरणी. बरणीच्या झाकणाला आतून प्लास्टिकचा थर असतो, त्यामुळे झाकणाखाली अॅल्युमिनियम फॉइल लावा. अंगात सुती कपडे घाला, शक्यतो भडक एकाच रंगाचे, म्हणजे तुमच्याच कपड्याचा धागा नमुन्यात आला तर ओळखू येतो. फ्लीसचं जॅकेट आणि ट्रॅकसूट घरी.

पाण्याचा नमुना असा घ्यायचा. नदीत गुडघाभर पाण्यात, प्रवाहाकडे तोंड करून उभं राहायचं, आपल्या पायांनी उठलेला गाळ मागे जाऊ द्यायचा आणि समोरून दहा लिटरची बादली भरायची. अशा दहा बादल्या चाळण्यांच्या उतरंडीतून ओतल्या की शंभर लिटर झाले. वरच्या चाळणीतला पालापाचोळा झटकून फेकू नका, गाळलेल्या पाण्याने खालच्या चाळणीवर धुऊन घ्या. ३०० मायक्रॉनवर उरलेलं सगळं बरणीत उतरवा. प्रत्येक ठिकाणी असे किमान तीन स्वतंत्र नमुने हवेत. एकाच नमुन्यावरून दोन ठिकाणांची तुलना करणं म्हणजे शितावरून दोन हंड्यांच्या भाताची परीक्षा.

जाळं मिळालं तर पाणी जास्त गाळता येतं. अशा कामाला ३०० ते ३३३ मायक्रॉन छिद्रांचं जाळं वापरतात. ते धारेत धरून ठेवायचं आणि किती पाणी त्यातून गेलं त्याचा हिशोब करायचा. वेग मोजायला संत्रं सोडा. ते अर्धंअधिक पाण्यात बुडून तरंगतं, वारा त्याला ढकलत नाही. दहा मीटर जायला २५ सेकंद लागले तर वेग सेकंदाला ०.४ मीटर. जाळ्याचं तोंड अर्धा मीटर गुणिले ०.३ मीटर असेल तर क्षेत्रफळ ०.१५ चौरस मीटर. दहा मिनिटांत, म्हणजे ६०० सेकंदांत, ०.१५ × ०.४ × ६०० = ३६ घनमीटर पाणी गाळलं गेलं. हायड्रॉलिक्सच्या पुस्तकात संपूर्ण नदीचा सरासरी वेग काढताना पृष्ठभागाचा वेग ०.८५ ने गुणतात. इथे जाळं पृष्ठभागावरच आहे, तेव्हा ती गुणणी करायची नाही. पावसाळ्यात यातलं काहीही करायला पाण्यात उतरू नका. पुलावरून दोरीने बादली सोडा. नाल्याच्या पाण्याला तर कुठल्याच मोसमात उघड्या हाताने शिवू नये.

गाळ-वाळूचा नमुना पुराच्या रेघेवर घ्या. २५ × २५ सेंटिमीटरची लाकडी चौकट ठेवायची आणि तेवढ्यातली वरची पाच सेंटिमीटर माती स्टीलच्या उलथन्याने काढायची. घरी किंवा लॅबमध्ये ६० अंशांच्या आत वाळवायची. ओव्हनचा आकडा शंभरावर नेलात तर पातळ पापुद्रे आकसतात.

लॅबमधली कामं

वाळलेल्या मातीतून प्लास्टिक वेगळं करायला मिठाचं संपृक्त पाणी वापरतात. लिटरभर पाण्यात साधारण ३६० ग्रॅम मीठ विरघळलं की घनता १.२ च्या आसपास जाते. पॉलिथीन, पॉलिप्रॉपिलीन, पॉलिस्टायरीन, नायलॉन वर येतात, माती खाली बसते. पीव्हीसी आणि पाण्याच्या बाटल्यांचं पीईटी मात्र १.३ च्या पुढचं, ते मातीबरोबरच तळाशी राहतं. झिंक क्लोराइडचं जड द्रावण वापरलं तर तेही तरंगतं, पण ते महाग आणि घातक, शिक्षकांशिवाय नको. मीठच वापरलं असेल तर पीईटी आणि पीव्हीसी आपल्या मोजणीत आलेलं नाही, हे अहवालाच्या पहिल्या पानावर लिहा. आणि समुद्राच्या मिठातच सूक्ष्म प्लास्टिक असतं, म्हणून ते पाणी वापरण्याआधी काचतंतूच्या फिल्टर पेपरातून गाळून घ्या.

पानं, मुळं, शेवाळ घालवायला हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. लॅबमधलं ३० टक्क्यांचं पेरॉक्साइड कातडी भाजतं, आणि लोहाच्या क्षाराबरोबर तापवताना ते फेसाळून भांड्याबाहेर येतं. गॉगल, हातमोजे, बर्फाचं भांडं शेजारी, आणि जाणकार माणूस खोलीत असल्याशिवाय या पायरीला हात घालू नका. तीव्र आम्ल वापरायचा मोह आवरा, त्यात नायलॉन विरघळून जातं.

उरलेलं फिल्टर पेपरवर घेऊन झाकलेल्या काचेच्या डिशमध्ये वाळवा आणि स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली ओळीओळीने बघत जा. इथे नवख्यांची सर्वांत जास्त फसगत होते. प्लास्टिकचा धागा टोकापासून टोकापर्यंत सारख्याच जाडीचा असतो. कापसाचा तंतू चपटा आणि पीळ पडलेला दिसतो. भाताच्या तुसाचा तुकडा उजेडात प्लास्टिकसारखा चमकतो, पण नीट फोकस केला की त्यावर ओळीने बसवलेल्या पुटकुळ्या दिसतात. आपल्या भातपट्ट्यातल्या नमुन्यांत तूस हमखास निघतं. जांभ्याची लाल कणी लाल प्लास्टिक म्हणून खपते, ती सुईने दाबली की भुगा होतो. शंका असेल तिथे लाल तापवलेल्या सुईचं टोक लावा. प्लास्टिक वितळतं, आकसतं किंवा सुईला चिकटतं. अर्ध्या मिलिमीटरहून लहान कणांवर ही युक्ती भरवशाची नाही.

नुसत्या डोळ्यांनी ओळखलेल्या कणांना "संशयित सूक्ष्म प्लास्टिक" म्हणा. खात्री करायला कण कुठल्या पदार्थाचा आहे ते प्रकाशावरून ओळखणारं एफटीआयआर किंवा रामन यंत्र लागतं. प्रत्येक कॉलेजात ते नसतं, पण राणी चन्नम्मा विद्यापीठासारख्या ठिकाणी आपल्या विषयाच्या प्राध्यापकांमार्फत चौकशी करता येते. सगळे कण न्यायची गरज नाही, प्रत्येक प्रकारातले थोडे निवडून न्या.

कोरा नमुना

हे वाचून कंटाळा येईल, तरी हे सोडून पुढे जाऊ नका. सूक्ष्म प्लास्टिकचे धागे हवेत असतात, टेबलावर असतात, तुमच्या शर्टावर असतात. त्यामुळे प्रत्येक खेपेला नदीच्या पाण्याऐवजी गाळलेलं स्वच्छ पाणी त्याच बादलीतून, त्याच चाळण्यांतून, त्याच बरणीत, त्याच सगळ्या पायऱ्यांतून न्यायचं आणि त्यात किती कण निघतात ते मोजायचं. काम चालू असताना टेबलावर एक ओला फिल्टर पेपर उघडा ठेवून हवेतून काय पडतं तेही बघायचं. समजा शंभर लिटरच्या नमुन्यात ४६ धागे निघाले आणि कोऱ्या नमुन्यात ९, तर उरले ३७. शंभर लिटर म्हणजे ०.१ घनमीटर, म्हणून घनमीटरला ३७०. कोऱ्या नमुन्यात ४० निघाले असते तर नदीबद्दल काहीच बोलता आलं नसतं. पंखा बंद ठेवा, खिडक्या लावून घ्या, आणि झाडू मारल्यावर लगेच कामाला बसू नका. कोऱ्या नमुन्याचा आकडा नसलेला सूक्ष्म प्लास्टिकचा अहवाल माझ्या हाती आला तर मी पुढची पानं उलटत नाही.

एककं आणि वही

पाण्यासाठी घनमीटरला कण, मातीसाठी किलोभर कोरड्या मातीला कण, काठासाठी शंभर मीटरला वस्तू, पुलासाठी तासाला वस्तू. ही एककं एकमेकांत मिसळू नका. दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी तुलना करण्याआधी त्यांनी किती मायक्रॉनची चाळणी लावली होती ते बघा. ३०० मायक्रॉनच्या चाळणीतून सुटलेले धागे ५० मायक्रॉनच्या चाळणीत सापडतात, म्हणून दोन आकडे शेजारी ठेवून "आमची नदी त्यांच्यापेक्षा स्वच्छ" असं म्हणता येत नाही.

वहीत तारीख, वेळ, ठिकाण, अक्षांश-रेखांश, गेल्या तीन दिवसांचा पाऊस, पाण्याचा रंग, मोजणाऱ्यांची नावं, चाळणीचं माप आणि फोटोंचे क्रमांक शिसपेन्सिलने लिहा. जेलपेनची शाई पहिल्या शिंतोड्यातच पसरते. फोटोत मोजपट्टी हवी. त्याच दिवशी संध्याकाळी सगळं संगणकावर चढवा. आठवड्याने बसलात तर "नमुना ३" हा शहराच्या वरचा की खालचा, यावर चहा थंड होईपर्यंत वाद होतो.

पुढे काय

गोळा केलेलं प्लास्टिक मोजून झाल्यावर परत काठावर ठेवायचं नाही हे उघड आहे. बाटल्या आणि कडक प्लास्टिक भंगारवाला घेतो. चकाकत्या बहुपदरी वेष्टणांना, म्हणजे गुटख्याच्या पुड्या आणि चिप्सच्या पाकिटांना, तो हात लावत नाही. ती वेगळी बांधून घंटागाडीत द्या.

अहवाल चार पानांचा पुरे. एक प्रत ग्रामपंचायतीला किंवा महापालिकेला कन्नडमध्ये, एक कॉलेजला, एक कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या स्थानिक कार्यालयाला. मंडळ नदीच्या पाण्यात बीओडी (सेंद्रिय घाणीचं माप), कोलिफॉर्म (मैलापाण्याची खूण असलेले जंतू) असं नेहमीचं मोजत असतं. तुमचे नमुने त्यांच्या ठिकाणांच्या जवळपासचे असतील तर दोन्ही आकडे शेजारी ठेवून बोलता येतं. तक्त्यांबरोबर वहीची स्कॅन केलेली पानं आणि कोऱ्या नमुन्याचे आकडेही जोडा. फिल्टर पेपर काचेच्या डिशमध्ये नाव-तारीख घालून कॉलेजच्या कपाटात ठेवा, कारण आकड्याबद्दल कुणी शंका काढली तर तेच पुन्हा मायक्रोस्कोपखाली ठेवावे लागतील.